तळाशी बसणारे सोने

सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी हा पावसाने कायम दगा दिलेला पट्टा. इथली माणसे पिढ्यान् पिढ्या परमुलखात जाऊन सोन्या-चांदीची गलाई करतात. केरळ असो की बंगाल, सराफ पेठेच्या एखाद्या बोळात त्यांची भट्टी सापडतेच. जुन्या दागिन्यातले सोने चोख करणारे त्यांचे तेजाब आणि फेकलेल्या मोबाइलच्या सर्किट बोर्डातून सोने काढणारे रसायन हे मुळात एकच. बदलतो तो कच्चा माल.

आणि हा माल अफाट श्रीमंत आहे. टनामागे पाच ग्रॅमही सोने न देणाऱ्या कितीतरी खाणी आज चालू आहेत. टनभर जुन्या मोबाइलमध्ये ते तीनशे ग्रॅमच्या घरात असते. टोकियो ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकची सुमारे ५,००० पदके जपानने २०१७ ते २०१९ या काळात लोकांकडून गोळा केलेल्या अशाच भंगारातून घडवली. त्यातून ३२ किलो सोने आणि ३,५०० किलो चांदी निघाली.

नुसत्या नायट्रिक आम्लाला सोने दाद देत नाही. तांबे, निकेल, चांदी मात्र त्यात विरघळतात, म्हणून आधी त्यांना बाजूला काढायचे. त्या द्रावणात मीठ टाकले, की चांदी फाटलेल्या दुधासारखी पांढरी होऊन खाली बसते. उरलेल्या चोथ्यावर मग आम्लराज ओतायचे: तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. इथे सोने विरघळते आणि द्रावण पिवळे-केशरी होते. ते गाळून त्यातले शिल्लक नायट्रिक आम्ल घालवावे लागते. यात घाई झाली, तर खाली बसू लागलेले सोने पुन्हा विरघळते. शेवटी सोडियम मेटाबायसल्फाइट. त्यातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड सोन्याला धातुरूपात परत आणतो, आणि तळाशी मातकट तपकिरी अवक्षेप साचतो. चकाकी नावालाही नसते. भुकटी मुशीत वितळली, की मग चकाकी दिसते. वरच्या पाण्यात सोने राहिले का, हे पाहायला स्टॅनस क्लोराइडचा एक थेंब पुरतो. जांभळी छटा आली, तर अजून काम बाकी आहे. बोर्डातले पॅलेडियम या साऱ्यातून द्रावणातच राहते. ते वेगळ्या रसायनाने काढतात.

पण कारागिराची खरी पारख सोने काढून झाल्यावर होते. मुरादाबादला रामगंगेच्या काठी वर्षानुवर्षे बोर्ड उघड्यावर जाळले गेले, राख नदीत धुतली गेली, आम्लाचे पाणी वाळूत मुरले. त्यात घरातली बायकामुलेही राबत होती. हे टाळणारे रसायन गुंतागुंतीचे नाही. लोखंडाचा कीस टाकला, की द्रावणातले तांबे सुटे होते; आम्ल चुन्याने शमवले, की बाकीचे धातू गाळ होऊन बसतात; नायट्रिकच्या तपकिरी वाफा अल्कली द्रावणातून धुऊनच बाहेर सोडायच्या. याला जागा, पैसा आणि देखरेख लागते, आणि घरगुती भट्टीपाशी नेमके तेच नसते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रण करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली आहे. रोजंदारीवर बोर्ड सोलणाऱ्या हातांना त्या नोंदणीकृत कारखान्यांत काम मिळवून देणे, हे त्यापुढचे काम आहे.