मातुश्रींची यात्रा

बीड जिल्ह्यातील परळी आणि आंबेजोगाई ही दोन क्षेत्रे एकमेकांपासून सात-आठ कोसांवर असून, त्या दोहोंच्या मध्ये एक अपुरे राहिलेले लग्न आहे. कोकणातील योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला, वऱ्हाड सह्याद्री ओलांडून आंबेजोगाईपर्यंत येऊन पोहोचले, परंतु मुहूर्त टळला, कोंबडा आरवला आणि सारे वऱ्हाड जागच्या जागी पाषाण झाले, अशी आख्यायिका तेथे सांगतात. हत्तीखाना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेण्यातील दगडी हत्ती त्या वऱ्हाडातलेच, असेही दाखवितात. देवी कुमारिका राहिली, तेथेच स्थिरावली आणि समुद्रकाठच्या अनेक कोकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी झाली. त्यामुळे ज्या काळी स्त्रीने उंबऱ्याबाहेर पडण्याचे दुसरे कोणतेही कारण समाजाला मान्य नव्हते, त्या काळी घाटाखालच्या बायकांना घाट चढून गोदावरी-मांजरेच्या मुलखात येण्याचे एक निर्वेध निमित्त मिळाले. निमित्त हा शब्द मी हेतुपुरस्सर वापरतो. देवदर्शनाची तळमळ आणि नवा मुलूख डोळ्यांनी पाहण्याची हौस या दोन गोष्टी आपल्या घराण्यांतील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या मनात कधीच वेगळ्या नव्हत्या, आणि त्या वेगळ्या करून पहिलीला पुण्य व दुसरीला चंगळ म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

अशा स्त्रियांपैकी जिच्या प्रवासाची कागदोपत्री नोंद राहिली, ती बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची पत्नी आणि थोरल्या बाजीरावाची आई राधाबाई. १७२० साली वैधव्य आलेल्या या मातुश्रींनी पेशव्यांच्या घराची घडी बसविली, बाजीराव आणि चिमाजीअप्पा या दोन पराक्रमी पुत्रांचा संसार सांभाळला, आणि १७३५ च्या फेब्रुवारीत पुण्याहून उत्तर हिंदुस्थानच्या यात्रेस प्रस्थान ठेविले. ही वेळ मोठी विलक्षण होती. त्याच हंगामात होळकर-शिंद्यांच्या फौजा आणि बादशाही फौजा राजपुतान्यात समोरासमोर उभ्या ठाकल्या होत्या; आणि ज्याच्या नावाने दिल्लीदरबारास झोप लागत नसे, त्या बाजीरावाची वृद्ध आई त्याच मुलखातून यात्रेकरूंचा समुदाय घेऊन चालली होती. नर्मदा ओलांडून ती उदेपुरास गेली, तेथून नाथद्वारास. जयपुरास सवाई जयसिंगाने तिला पावसाळ्यात आदराने ठेवून घेतले. पुढे मथुरा-वृंदावन, प्रयाग, काशी आणि गया करून पुढल्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या अखेरीस ती पुण्यास परतली. सहा वर्षांपूर्वी ज्या बादशाही सरदार महंमदखान बंगशाला बाजीरावाने जैतपुरास कोंडून धरले होते, त्यानेही आपल्या अमलातून जाणाऱ्या या मातेचा सन्मानच केला. पुत्राला तलवारीच्या जोरावर जे मिळवावे लागले, ते दाराशी आलेल्या आईला आदराने दिले गेले, हे त्या काळाचे मोठेपण होय. इतिहासकार या यात्रेकडे बहुधा राजकारणाची प्रस्तावना म्हणून पाहतात, कारण पाठोपाठ बाजीराव स्वतः राजपुतान्यात गेला. मला मात्र ती सर्वप्रथम एका बाईची यात्रा वाटते. सव्वा वर्षाच्या आसपासचा हा प्रवास, पालखी आणि मुक्काम, तंबू आणि नदीचे उतार, परक्या भाषा आणि परके अन्न, हे सारे ज्या स्त्रीने उतारवयात अंगावर घेतले, तिला केवळ पुण्याचा हिशेब प्रिय होता असे कोण म्हणेल? पुढे तिची सून काशीबाई हिनेही काशीयात्रा केली. अशा गोष्टींचा वारसा सासूकडून सुनेकडेच जातो.

दुसरे नाव अहिल्याबाई होळकर यांचे. त्यांचे जन्मगाव चौंडी बीड जिल्ह्याच्या सरहद्दीपासून फार दूर नाही, आणि परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार त्यांनीच केला. महेश्वरी बसून १७६७ ते १७९५ पर्यंत राज्यकारभार पाहणाऱ्या या बाईंनी काशीस विश्वेश्वराचे मंदिर उभारले, गयेस विष्णुपद बांधले, ठिकठिकाणी घाट, विहिरी व धर्मशाळा केल्या. स्वतःस जेथे जाता आले नाही तेथेही इतरांच्या आजीला नीट उतरता यावे, पाणी मिळावे, रात्री डोक्यावर छप्पर असावे, एवढी काळजी त्यांनी वाहिली.

सामान्य घरांतील बायकांची मात्र ना बखर झाली ना दप्तर. बीड निजामाच्या हद्दीत, म्हणजे लोकांच्या तोंडी मोगलाईत, होते तोवर पंढरपूरची वारी म्हणजे परराज्याचा प्रवास होता. इकडचा हाली रुपया तिकडे चालत नसे. सात हालीला सहा इंग्रजी कलदार अशा सुमाराने नाणे बदलून कनवटीस लावावे लागे आणि सरहद्दीच्या नाक्यावर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, अंमल असे. तरीही बाया जात. काशीहून परतताना त्या गंगोदकाने भरलेला तांब्याचा लहान गडू तोंड झाळून आणीत. घरी आल्यावर मावंदे होई, आळीतील सुवासिनी पाया पडत, आणि तो गडू देवघराच्या कोपऱ्यात शेंदूर-हळदीच्या डागांसह वर्षानुवर्षे बसे. घरात कोणाची अखेरची घटका आली म्हणजे त्याचे झाळण फोडून दोन थेंब मुखी घालीत. ज्या म्हातारीने तो इतक्या लांबून आणला, पुष्कळदा तिच्याच मुखी.

आजही याच जिल्ह्यातील हजारो बायका दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि चैत्राच्या सुमारास परततात. तो प्रवास पोटासाठी, मुकादमाच्या उचलीपायी. आषाढीसाठी मुक्ताबाईंची पालखी बीडवरून, गजानन महाराजांची पालखी परळी-आंबेजोगाईवरून पंढरीकडे निघते, तेव्हा या बायकांतील एखादी डोक्यावर तुळस घेऊन चालू लागली, तर त्या वर्षभरात स्वतःच्या इच्छेने टाकलेली तिची तेवढीच पावले असतात. तिच्या भक्तीचे मोल करताना हे विसरता कामा नये.

आता वाहने झाली; बीड शहरापर्यंत आगगाडीसुद्धा २०२५ साली पोहोचली. परंतु आपण घरातील थोर बाईचे स्मरण करताना तिच्या हातची पुरणपोळी आणि तिचे उपासतापास सांगतो, ती कोठे कोठे गेली हे सांगत नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की उपाध्ये जुने पान काढून देतात, आणि आपल्या पणजोबांच्या हस्ताक्षराशेजारी सोबत आलेल्या बायकांची नावेही कित्येकदा सापडतात. वाचकहो, पुढच्या खेपेस त्या क्षेत्री गेलात तर ते पान अवश्य काढवून घ्या, घरी जी आजी अजून बोलती आहे तिला तिच्या यात्रांची गावे, साल आणि सोबतिणी विचारून लिहून ठेवा, आणि उपाध्यांच्या वहीत स्वतःचे नाव घालताना तिचे नाव पूर्ण घाला.