चांदीचे कण आणि जंतूंचा जबाब

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या पानांचा काढा सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिसळून चांदीचे अतिसूक्ष्म कण सिद्ध केले, आणि ते संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. रंगहीन द्रावणावर पिवळसर तपकिरी छटा चढू लागते, ही त्या कणांच्या जन्माची पहिली वर्दी. कारण धातूचा तुकडा काही नॅनोमीटरांइतका, म्हणजे मीटरच्या काही अब्जांशांइतका, लहान झाला की त्याचे प्रकाशाशी असलेले वर्तनच पालटते, आणि जी चांदी दागिन्यात शुभ्र दिसते तीच तेथे पिवळी भासते.

चांदीचे आणि जंतूंचे वैर जुने आहे. लायप्झिगचे प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास नवजात अर्भकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकण्याचा प्रघात पाडला आणि असंख्य बालकांना अंधत्वापासून वाचविले. पुढे प्रतिजैविकांचा अंमल सुरू झाला आणि चांदी मागे पडली. आज तिच्याकडे पुन्हा वळावे लागते आहे, याचे कारण त्या प्रतिजैविकांनाच न जुमानणारे जंतू होत. अशा जंतूंच्या थेट प्रतापाने २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे.

परंतु कण इतका लहान करण्याचे प्रयोजन काय? एक सेंटिमीटर बाजूचा चांदीचा घन घ्यावा. त्याचा पृष्ठभाग अवघा ६ चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे कल्पनेने केले, तर चांदी तेवढीच राहून पृष्ठभाग मात्र ६०० चौरस मीटर होतो. जंतूशी गाठ पृष्ठभागाची पडते, वजनाची नव्हे. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००९ साली जखमांवर लावण्याजोगे जे जेल सादर केले, त्यात ७ ते २० नॅनोमीटर आकाराचे कण होते, आणि भाजलेल्या जखमांवरील प्रचलित मलमाच्या तीसपट कमी चांदीत त्याचा जंतुनाशक गुण प्रयोगशाळेत त्या मलमाच्या तोडीचा ठरला.

कण स्वतःच जंतूला मारतो काय, हा प्रश्न बरीच वर्षे वादात होता. टेक्सासमधील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली त्याचा निवाडा मोठ्या चातुर्याने केला: त्यांनी प्राणवायू पूर्णपणे वर्ज्य करून प्रयोग केला, आणि प्राणवायूवाचून कणांना गंज चढेना, चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, सुटेनात, तेव्हा एरवी मारक ठरणारे कण ई. कोलाय जंतूंमध्ये निरुपद्रवी होऊन पडून राहिले. मारणारा तो आयन. जंतूच्या प्रथिनांतील गंधकाला चिकटून तो त्याचा श्वसनाचा कारभारच बंद पाडतो. म्हणून कणाचा आकार, त्याच्या कडा आणि त्यावरचे आवरण ठरविणे म्हणजे वस्तुतः हे आयन कोठे, केव्हा आणि किती वेगाने सुटावेत याचा बंदोबस्त करणे होय.

आणि जंतूही स्वस्थ बसत नाहीत. बॉस्टनच्या एका रुग्णालयातील भाजलेल्या रुग्णांच्या विभागात चांदीला दाद न देणारा साल्मोनेला आढळल्याची नोंद १९७५ सालीच झाली होती. चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्सच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली जे दाखविले ते त्याहून विस्मयकारक आहे: चांदीच्या कणांना वारंवार सामोऱ्या गेलेल्या ई. कोलायने आपल्या जनुकांत काहीही फेरफार न करता फ्लॅजेलिन नावाचे प्रथिन, जे तो एरवी पोहण्याच्या शेपटीसाठी घडवितो, बाहेर सोडावयास प्रारंभ केला. त्या प्रथिनात कण एकमेकांना चिकटले, त्यांचे गठ्ठे झाले आणि मोठ्या कष्टाने मिळविलेला तो अफाट पृष्ठभाग हातचा गेला. या फ्लॅजेलिनची निर्मिती रोखण्यास त्यांना उपयोगी पडला तो डाळिंबाच्या सालीचा अर्क. अतिसारावर हीच साल देणाऱ्या आपल्याकडच्या आजीबाईंना या संशोधनाचे अगत्य वाटले असते.

हे वाचल्यावर पायमोज्यांत, डब्यांत आणि कपाटांत चांदीचे कण सर्रास मिसळून विकण्याचा जो व्यापार चालला आहे, तो मला अत्यंत घातक वाटतो. ज्या अस्त्राची गरज भाजलेल्या जखमेला आहे, ते घामाच्या वासावर खर्च करून आपण जंतूंना घरबसल्या सराव देत आहोत.

रसायनावाचूनही जंतू मारता येतो, हे मेलबर्नच्या स्विनबर्न विद्यापीठातील एलेना इव्हानोवा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली सिकाडा या कीटकाच्या पंखावर दाखविले. त्या पंखावर सुमारे २०० नॅनोमीटर उंचीचे बोथट स्तंभ दाटीने उभे असतात. त्यांवर टेकलेल्या सूडोमोनास जंतूचे आवरण स्तंभांच्या मधल्या पोकळीत ताणले जाऊन जीर्ण कापडासारखे फाटते, आणि काही मिनिटांत त्याचा अंत होतो. पंखावर सोन्याचा पातळ थर चढवूनही जंतू मेलेच, तेव्हा पंखातील रसायनाचा संशय मिटला. जाड भिंतीचा स्टॅफिलोकॉकस मात्र या पंखावर तग धरतो. त्याच्यासाठी चतुराच्या पंखासारखी अधिक अणकुचीदार टोके लागतात, आणि तशी टोके सिलिकॉनवर कोरून दोन्ही प्रकारचे जंतू मारण्यात याच गटाला २०१३ साली यश आले.

टायटॅनियमच्या कृत्रिम सांध्यांवर अशी टोके उठविण्याचे प्रयोग आता चालू आहेत. तेथे अडचण आहे ती मेलेल्या जंतूंची: त्यांचे अवशेष टोकांवर साचून राहिले की खालची धार झाकली जाते आणि मागून येणाऱ्या जंतूंना त्याच प्रेतांवर वस्ती करता येते. शरीरात वर्षानुवर्षे राहावयाच्या सांध्यावरून हा राडारोडा कसा हटवावा, याची खात्रीची तजवीज अद्याप व्हावयाची आहे.