नायट्रेटला वाट आहे, फॉस्फेटला नाही

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट असलं, तरी भारतीय मानकानुसार ते पाणी माणसाला चालतं. प्रवाळभित्तीवरच्या समुद्रात मात्र नायट्रेट लिटरमागे पाव मिलिग्रॅमही भरत नाही आणि फॉस्फेट तर मिलिग्रॅमचे जेमतेम एक-दोन शतांश. घरात काचेच्या टाकीत प्रवाळ वाढवायला निघालेल्यांची दमछाक होते ती इथे. नळाचं पाणी, त्यात समुद्री मीठ, वर महागडे दिवे असा थाट मांडला जातो आणि काही महिन्यांत खडकांवर केसाळ शेवाळ माजतं. प्रवाळ तपकिरी पडतात, खुरटतात. दुकानदार एक बाटली देतो, ती संपली की दुसरी.

या दोन क्षारांना एकाच माळेत ओवण्याची सवय आहे, पण टाकीतून बाहेर पडायच्या त्यांच्या वाटा अगदी वेगळ्या आहेत.

दोघेही येतात प्रामुख्याने खाद्यातून. मासा खातो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो; उरलेलं खाद्य कुजून त्यात भर घालतं. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे जिवाणू ओळखले. खेळत्या, प्राणवायूयुक्त पाण्यात ही साखळी नायट्रेटपाशी थांबते. पण सच्छिद्र खडकाच्या आत, वाळूच्या खालच्या थरात प्राणवायू संपतो. तिथले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. मोनॅकोत जाँ झोबेर यांनी 1980च्या दशकात जाड वाळूच्या थराखाली पाण्याची पोकळी ठेवून टाक्या चालवल्या, त्या याच तत्त्वावर. असे जिवाणू वसलेला ‘जिवंत खडक’ पुरेसा असेल आणि मासे बेताचे असतील, तर नायट्रेटचा बराचसा बंदोबस्त आपोआप होतो.

फॉस्फरसला अशी वायूची वाट नाही. तो पाण्यात राहतो, कोणाच्या तरी शरीरात जातो किंवा खडकाला चिकटतो. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि वाढत्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर फॉस्फेट बसलं की पुढचा थर नीट चढत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफमधल्या वन ट्री आयलंडवर किन्सी आणि डेव्हिस यांनी समुद्रातल्याच एका प्रवाळखंडाला कित्येक महिने नत्र आणि फॉस्फेट पुरवलं. सांगाडा घडण्याचा वेग निम्म्याहून अधिक घटला, असं त्यांनी 1979 मध्ये नोंदवलं.

टाकीतला खडकही कॅल्शियम कार्बोनेटचाच. पाण्यात फॉस्फेट वाढलं की तो ते धरून ठेवतो, कमी झालं की परत सोडतो. लोहाच्या ऑक्साइडचे तांबूस दाणे भरलेली नळी लावली की चाचणीतला आकडा झपाट्याने उतरतो. दाणे संपृक्त झाले की आकडा पुन्हा वर! ओल धरलेल्या भिंतीवर रंग मारावा, तसा हा प्रकार. खडकातला साठा रिता होईपर्यंत दाणे बदलत राहावं लागतं, आणि तेही थोडे थोडे घालून. एका रात्रीत फॉस्फेट ओढून घेतलं तर प्रवाळांच्या ऊतीच गळायला लागतात.

पाणी बदलणं हा सर्वांत जुना उपाय. तो चांगलाच, पण हिशेब करून पाहावा. नायट्रेट लिटरमागे 40 मिलिग्रॅम असताना चौथाई पाणी बदललं तर उरतं 30, पुन्हा बदललं तर साडेबावीस, तिसऱ्यांदा सुमारे 17. मधल्या दिवसांत मासे खातच असतात, म्हणजे प्रत्यक्षात घट याहूनही कमी. फॉस्फेटच्या बाबतीत तर खडकच ती भरून काढतो.

मग येतो व्होडकाचा उपाय. हसू नका, रसायन पक्कं आहे. टाकीतल्या जिवाणूंना नत्र आणि फॉस्फरस मुबलक असतं, तुटवडा असतो तो सेंद्रिय कार्बनचा. व्होडका किंवा व्हिनेगर थेंबाथेंबाने दिलं की जिवाणू फोफावतात, दोन्ही क्षार शरीरात ओढून घेतात आणि फेसाच्या यंत्रातून, म्हणजे स्किमरमधून, त्यांच्यातले काही बाहेर पडतात. सुरुवात शंभर लिटरला दिवसाला 0.1 मिलिलिटर इतकीच करायची. हात सैल सोडला तर पाणी दुधाळ होतं आणि जिवाणू प्राणवायू संपवून टाकतात. सकाळी मासे मेलेले सापडतात.

इथे आल्फ्रेड रेडफिल्ड आठवतात. समुद्री प्लवकांमध्ये नत्राच्या 16 अणूंमागे फॉस्फरसचा 1 अणू असतो, असं या अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञाने दाखवलं. जिवाणूंचं प्रमाण तंतोतंत तेच नसलं, तरी अंदाजाला पुरतं. वजनात मांडलं तर सुमारे 10 भाग नायट्रेटमागे 1 भाग फॉस्फेट वापरलं जातं. शिवाय खडकातले जिवाणू नायट्रेट वेगळं फस्त करतात. परिणामी नायट्रेट शून्यावर येतं, फॉस्फेट जागच्या जागी. नत्र संपल्यामुळे सगळी वाढच थांबलेली असते. अशा वेळी जाणकार टाकीत मोजून नायट्रेट घालतात आणि फॉस्फेट उतरतं. ऐकायला उफराटं, पण चालतं.

उलटा प्रसंग अधिक वाईट. नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट संपलेलं, अशा पाण्यात प्रवाळातली सूक्ष्म शैवालं वाढत राहतात, पण फॉस्फरसअभावी त्यांच्या पेशीपटलांची घडण बिघडते. उष्णता किंवा प्रखर उजेड आला की ती टिकत नाहीत आणि प्रवाळ पांढरे पडतात. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग वीडेनमान यांच्या गटाने 2013 मध्ये हे दाखवून दिलं. त्यामुळे ‘दोन्ही शून्य’ हे ध्येय माझ्या मते घातक आहे. समुद्रात हे दोन क्षार कमी असले तरी प्रवाळांना अहोरात्र प्लवकांचं अन्न मिळतं. टाकीत ते नसतं. शून्याचा हट्ट धरलेल्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट नावाचे तपकिरी, बुळबुळीत सूक्ष्मजीव माजतात, आणि ते घालवणं शेवाळापेक्षा कितीतरी कठीण.

म्हणून आधी खाद्य आवरा. गोठवलेलं खाद्य वितळवून त्याचं पाणी फेकून द्या. नळाचं किंवा बोअरवेलचं पाणी आरओ आणि त्यानंतर आयन काढणाऱ्या रेझिनमधून गाळूनच वापरा. मुख्य टाकीखाली जोडलेल्या दुसऱ्या टाकीत कीटोमॉर्फा शेवाळ रात्रीच्या दिव्याखाली वाढवा आणि कापून फेकत राहा. त्याबरोबर नत्र आणि फॉस्फरस दोन्ही घराबाहेर जातात. रसायनं सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट कायद्याची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दगडी प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातून त्यांचा तुकडा उचलणं किंवा असा तुकडा विकत घेणं हा गुन्हा आहे. मश्रूम किंवा लेदर जातीचे मऊ प्रवाळ पाळायचे असतील, तर त्यांना थोडे अधिक क्षार मानवतात. लिटरमागे नायट्रेट 2 ते 10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 मिलिग्रॅमच्या दरम्यान असेल आणि प्रवाळ फुलत असतील, तर पाण्यात काहीही ओतू नका.