समोरचा काटा किती खरा?

धामणगाव बढे येथील व्यापारी कुटुंबात 'काटा' म्हटले की प्रथम डोळ्यांसमोर येतो तो दुकानातील वजनकाटा. तूर असो वा हरभरा, मापात तसूभरही फरक पडू नये, ही पेढीची अब्रू. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी फेरपडताळणी होऊन त्यावर वैधमापन विभागाचा शिक्का बसतो. मात्र त्याच घराच्या अंगणात उभ्या असलेल्या मोटारीतही दोन-चार काटे असतात. त्यांच्या भरवशावर सारे कुटुंब मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्यास जाते, मलकापूर स्थानकावर रेल्वे गाठते, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी पहाटे निघते. या काट्यांवर कोणताही वार्षिक शिक्का नसतो. मग ते खरे किती बोलतात?

वेगाचा काटा : जाणूनबुजून पुढे

ओटो शुल्झ या जर्मन संशोधकाने १९०२ मध्ये वेगमापकाचे पेटंट घेतले. फिरते चुंबक आणि धातूची चकती एवढ्यावर ते यंत्र चाले. आज चाकाच्या फेऱ्या सेन्सर मोजतो आणि संगणक त्यावरून वेग काढतो. तरीही हा काटा तंतोतंत नसतो, कारण त्याला तसे असण्याची मुभाच नाही. अनेक देशांनी स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधीही दाखवू नये. जास्त दाखवायचा तर खऱ्या वेगाच्या दहाव्या हिश्श्यात ४ मिळवून येईल तेवढाच. म्हणजे गाडी प्रत्यक्ष १०० किलोमीटर वेगाने धावत असता काटा ११४ पर्यंत गेला तरी चालेल. ९९ दाखविणे मात्र वर्ज्य. ही चूक चालकाला सुरक्षिततेकडे नेणारी आहे.

हे गणित बिघडते ते टायर बदलल्यावर. हौसेने मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविले की तेवढ्याच अंतरात चाकाच्या फेऱ्या कमी होतात. मग काटा मागे राहतो आणि गाडी पुढे पळते. समृद्धी महामार्गावर सपाट भागात मोटारींना १२० ची मर्यादा आहे. तेथे असा मागे राहिलेला काटा घातकच. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ८० च्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारी सूचना सक्तीची झाली. तिला कटकट समजून दुर्लक्षू नये.

इंधनाचा काटा : शेवटी घाई करणारा

टाकीत तरंगणारा गोळा इंधनाची पातळी सांगतो. टाकी मात्र सरळ डब्यासारखी नसते. आसनाखालील जागेत बसेल अशी ती वेडीवाकडी घडविलेली असते. म्हणून पहिला अर्धा भाग सावकाश आणि उरलेला झपाट्याने संपल्यासारखा वाटतो. घाटाच्या चढावर इंधन एका बाजूला सरकते, तेव्हाचे वाचन विश्वासार्ह नसते. 'आणखी इतके किलोमीटर' हा आकडा तर मागील प्रवासाच्या सरासरीवर बांधलेला अंदाज असतो. सपाट रस्त्यावर मिळालेले आश्वासन घाटात पाळले जाईलच असे नाही. पाव टाकी उरताच पंप गाठावा. टाकीतील विद्युत पंपाला इंधनच थंडावा देते आणि डिझेल गाडी पूर्ण रिकामी झाली तर नळीत हवा शिरते.

खरी सरासरी हवी असेल तर व्यापाऱ्याची जुनी रीतच उत्तम : टाकी पूर्ण भरून ट्रिप मीटर शून्यावर आणावा, पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरावी आणि चाललेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागावे. तीन-चार वेळचा हिशेब वहीत मांडला की सत्य आपोआप समोर येते.

तापमानाचा काटा : मौन बाळगणारा

वैशाखात विदर्भाचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा सर्वांत महत्त्वाचा ठरतो तो हा काटा. आणि तोच सर्वांत कमी बोलतो. अनेक आधुनिक गाड्यांत इंजिनाचे तापमान सुमारे ८० ते १०५ अंशांत कोठेही असले तरी काटा मध्यावरच स्थिर ठेवलेला असतो, जेणेकरून किरकोळ चढउताराने चालक घाबरू नये. कित्येक गाड्यांत तर काटाच नाही. निळा आणि लाल असे दोनच दिवे. म्हणून काटा मध्यापासून हलला की सूचना उशिरानेच आली आहे, असे समजावे. कूलंट गळून गेला असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही वाचन फसवे येऊ शकते. अशा वेळी गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना मुळीच उघडू नये.

तेलाच्या लाल दिव्याविषयीही एक गैरसमज रूढ आहे. तो सहसा तेलाचा दाब सांगतो, पातळी नव्हे. तो चालत्या गाडीत लागला तर 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' हा विचार इंजिनाच्या किमतीचा ठरतो. पातळीसाठी प्रवासापूर्वी सपाट जागी, थंड इंजिनात पट्टी काढून पाहणे हाच उपाय. पिवळा दिवा लवकर तपासणीस सांगतो, लाल दिवा तत्काळ थांबण्यास.

जुनी मोटार घेताना किलोमीटरच्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. सर्व्हिसच्या नोंदी, पेडलच्या रबराची झीज आणि टायरवरील चार अंक यांच्याशी तो ताडून पाहावा. त्यांतील पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात.

दुकानात ज्याची नजर काट्यावरून हटत नाही, तोच गृहस्थ गाडीत बसल्यावर समोरच्या काट्यांकडे क्वचितच पाहतो. वजनकाट्याच्या चुकीत धान्य जाते, गेली तर पत जाते. येथे मात्र मागच्या आसनावर आजी असते, नातवंडे असतात. प्रत्येक काट्याचा स्वभाव ओळखून त्याचे बोलणे ऐकणे, हीच त्यांच्यासाठी घेतलेली खरी काळजी.