इन्सुलिनची सुई पोटातच टोचणारी गोळी

इन्सुलिन गोळीसारखं गिळता का येत नाही? कारण ते प्रथिन आहे. जठरातलं आम्ल आणि पाचकरस त्याचे तुकडे करून टाकतात, रक्तात पोचायच्या आधीच. म्हणून इंजेक्शन.

एमआयटीतले जोव्हानी ट्रॅव्हर्सो, रॉबर्ट लँगर आणि नोवो नॉर्डिस्क कंपनीचे संशोधक यांनी यावर जो उपाय काढला, तो मला प्रचंड आवडला. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. वाटाण्याएवढी कॅप्सूल, आत दाबलेली स्प्रिंग आणि सुई. सुईचं टोक म्हणजे चक्क दाबून घट्ट केलेलं, सुकवलेलं इन्सुलिन! स्प्रिंग अडवून धरते साखरेची एक चकती. पोटातल्या ओलाव्याने ती विरघळली की स्प्रिंग सुटते आणि सुई जठराच्या भिंतीत घुसते. तिथे टोचल्याची वेदना जाणवत नाही. रिकामी कॅप्सूल पुढे आतड्यातून निघून जाते.

पण सुईचं तोंड भिंतीकडेच हवं ना? इथे आफ्रिकेतलं बिबट्या कासव मदतीला आलं. उलटं पडलं तरी उंच, घुमटाकार पाठीमुळे ते पुन्हा सुलटं होतं. कॅप्सूलचा आकार तसाच, तळ जड. पोट कितीही हलो, ती बरोबर बसते.

हे प्रयोग डुकरांवर झाले आहेत, औषधाच्या दुकानात ही गोळी मिळत नाही. तेव्हा घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही डोस चुकवू देऊ नका.