स्पर्धा-यंत्रमानवातील चकत्यांची साठवण व भरण यंत्रणा : रचनातत्त्वांचा परिचय

बीजसंज्ञा : यंत्रमानव, चकती, चळत, घर्षण, भरण यंत्रणा, रोबोकॉन

प्रस्तावना

आशिया-पॅसिफिक प्रसारण संघातर्फे २००२ पासून भरणारी 'रोबोकॉन' स्पर्धा महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांना सुपरिचित आहे. २००८ ची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यातील बालेवाडी येथे झाली व तिचा विषय दहीहंडीवर आधारलेला 'गोविंदा' हा होता. २०२२ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या फेरीचा विषय 'लगोरी' होता. या दोहोंच्या दरम्यान, २०१७ मध्ये टोकियो येथे 'आसोबी' या नावाने झालेल्या स्पर्धेत यंत्रमानवाने मऊ चकत्या फेकून निरनिराळ्या उंचीच्या सात बैठकांवर त्या उतरवायच्या होत्या. सामन्याचा अवधी तीन मिनिटांचा होता.

अशा स्पर्धेची तयारी करताना विद्यार्थ्यांचे बहुतेक लक्ष फेकणाऱ्या चाकाकडे असते. चकत्या साठविणे व एकेक करून चाकापर्यंत पोहोचविणे हे काम दुय्यम समजले जाते. वस्तुतः नेमबाजीतील सातत्य मोठ्या प्रमाणात याच कामावर अवलंबून असते. ते कसे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चळतीतील घर्षण

साठवणीची सर्वांत सोपी रीत म्हणजे चकत्यांची उभी चळत रचणे आणि तळाची चकती आडव्या दांड्याने पुढे ढकलणे. वरच्या चकत्या स्वतःच्या वजनाने खाली येतात, त्यामुळे वेगळ्या उचल-यंत्रणेची गरज भासत नाही. तथापि या सोपेपणाची किंमत घर्षणाच्या रूपाने मोजावी लागते.

तळाच्या चकतीच्या वरच्या पृष्ठावर उरलेल्या सर्व चकत्यांचा भार असतो, तर खालच्या पृष्ठावर तिच्यासह संपूर्ण चळतीचा. ती सरकताना दोन्ही पृष्ठांवर घर्षण होते. म्हणून चळतीत दहा चकत्या असतील, तर वरच्या बाजूला नऊ व खालच्या बाजूला दहा अशा एकूण एकोणीस चकत्यांच्या भाराइतके घर्षण सोसावे लागते. शेवटची चकती उरते तेव्हा हा हिशेब एकावर येतो. उदाहरणादाखल, चकतीचे वजन १०० ग्रॅम व घर्षणगुणांक ०.६ धरल्यास आवश्यक बल सुमारे ११ न्यूटनपासून ०.६ न्यूटनपर्यंत उतरते.

हा एकोणीसपट फरक केवळ मोटारीच्या क्षमतेचा प्रश्न नाही. ढकलणारी यंत्रणा बलावर चालणारी असेल, उदाहरणार्थ हवेच्या दाबाचा दट्ट्या, तर पहिली चकती चाकात मंदगतीने शिरते व शेवटची वेगाने शिरते. चाक तेच आणि कोनही तोच असूनही चकत्या वेगवेगळ्या अंतरावर पडतात. याचा दोष बहुधा चाकाला दिला जातो आणि दुरुस्तीचे श्रम भलत्याच ठिकाणी खर्च होतात.

दोन उपाय

पहिला उपाय म्हणजे चळत खालून वर उचलून सर्वांत वरची चकती ढकलणे. या रचनेत घर्षण केवळ एका चकतीचे असते व ते शेवटपर्यंत बदलत नाही. मात्र उचलण्यासाठी आट्यांचा दांडा, स्वतंत्र मोटार व उंची ओळखणारा संवेदक लागतो. यंत्रमानवाचे वजन वाढते आणि बिघाडाच्या जागाही वाढतात.

दुसरा उपाय म्हणजे तळाचीच चकती ढकलणे, परंतु दांड्याची गती यांत्रिक जोडणीने बांधून टाकणे. मोटारगाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटार विद्यार्थी-प्रकल्पांत नेहमी वापरली जाते. तिच्या अक्षावर भुजा बसविल्यास एका फेऱ्यात दांडा पुढे जाऊन परत येतो व एक चकती पुढे सरकते. चकतीचा व्यास २४ सेंटीमीटर असेल आणि दांड्याने ती पूर्ण व्यासभर सरकवायची असेल, तर भुजा १२ सेंटीमीटरची हवी. मोटारीची ताकद पुरेशी असेल तोवर घर्षण बदलले तरी गती फारशी बदलत नाही.

निवड चकत्यांच्या संख्येवर अवलंबून असते. अमेरिकेतील 'फर्स्ट' संस्थेच्या २०१३ च्या स्पर्धेत यंत्रमानवाला एका वेळी चारच चकत्या बाळगण्याची मुभा होती. तेथे साधी चळत पुरेशी ठरे. वीस-पंचवीस चकत्या साठवायच्या असल्यास मात्र उचल-यंत्रणेचा विचार करणे इष्ट ठरते.

अडकण्याची कारणे

चकती अडकण्याची कारणे मुख्यतः तीन आहेत. पहिले, एकाच वेळी दोन चकत्या पुढे जाणे. बाहेर पडण्याच्या फटीची उंची एका चकतीच्या जाडीपेक्षा किंचित अधिक, पण दोन चकत्यांच्या जाडीपेक्षा बरीच कमी असावी. ढकलणाऱ्या दांड्याची जाडी चकतीपेक्षा कमी असावी. मऊ चकत्या वरच्या भाराने दबतात. म्हणून जाडीचे मोजमाप पूर्ण भरलेल्या चळतीच्या तळाशी आणि रिकाम्या होत आलेल्या चळतीतही घ्यावे.

दुसरे, चकत्या एकमेकींत बसणे. खाणावळीतील काठाच्या ताटांच्या चळतीतून तळाचे ताट ओढून काढणे किती अवघड असते, हे सर्वांना ठाऊक आहे. घुमटाकार चकत्यांचे तसेच होते. तळाची चकती सरकण्यापूर्वी वरची चळत पाचरीने थोडी उचलून धरणे हा त्यावरील उपाय होय.

तिसरे, चकती तिरकी होणे. कोठी फार सैल असेल, तर चकती कलून दोन भिंतींमध्ये रुतते, जसा जुन्या मेजाचा खण रुततो. बंद नळीऐवजी चार उभ्या सळ्यांची कोठी केल्यास वजन घटते, हवा कोंडत नाही आणि अडकलेली चकती बाहेरून दिसते.

चाकाशी मेळ

प्रत्येक चकती फेकताना चाकाची काही ऊर्जा खर्च होते व त्याची गती घटते. गती पूर्ववत होण्याआधी पुढची चकती शिरल्यास ती अलीकडे पडते. म्हणून भरण यंत्रणेने घड्याळावर न चालता चाकाच्या गतीवर चालावे. गती मोजणाऱ्या संवेदकाचा संकेत आल्यावरच दांडा पुढे जाईल, अशी योजना असावी.

स्थानिक संदर्भ

कुर्ल्याच्या संदर्भात या विषयाला वेगळे महत्त्व आहे. प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा मोटारींचा कारखाना याच उपनगरात होता. त्याचे नाव धारण करणाऱ्या रस्त्यावर आज डॉन बॉस्को तंत्रज्ञान संस्था उभी आहे. एकेकाळी जेथे मोटारी जोडल्या जात, त्या परिसरात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वायपरची मोटार, ॲल्युमिनियमची पट्टी किंवा फर्निचरच्या खणाची सरकपट्टी हाताळून यंत्रशास्त्र समजून घेता येणे ही शैक्षणिक संधी आहे.

निष्कर्ष

चकत्यांच्या भरणाचा प्रश्न घर्षण, मोजमापातील सूट व कालमेळ या तीन पाठ्यपुस्तकी संकल्पनांवर उभा आहे. विद्यार्थी त्या परीक्षेसाठी स्वतंत्रपणे शिकतात. येथे त्या एकत्र येतात. तेव्हा मार्गदर्शक प्राध्यापकांनी प्रकल्पाचे मूल्यमापन करताना चकती किती दूर गेली एवढेच न पाहता, भरलेल्या चळतीतील पहिली व शेवटची चकती एकाच जागी पडते काय, हे तपासावे. ही चाचणी अल्पखर्चाची आहे, आणि रचनेतील बहुतेक दोष ती स्पर्धेपूर्वीच उघड करते.