कापूस विकायचा तर आधी मोबाईल नीट हवा

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला मंडलाच्या उत्तरेला पैनगंगा वाहते आणि नदीपलीकडे महाराष्ट्र सुरू होतो. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुकेही आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते तिकडे गेले, मराठी मात्र दोन्हीकडे राहिली. मोबाईल कंपन्यांनीही आपली हद्द अशीच आखली आहे: महाराष्ट्र-गोवा हे एक सर्कल, आंध्र प्रदेश-तेलंगणा हे दुसरं. हद्दीवरच्या माणसाचा फोन त्यामुळे शहरातल्या माणसाच्या फोनसारखा वागत नाही. आता कापसाची सरकारी खरेदीही मोबाईलवरूनच ठरते, म्हणून पऱ्हाटी फुटायच्या आत फोनकडे एकदा नीट बघून घ्यावं.

दोन टॉवरांच्या मधे

नदीकाठच्या शेतात फोन कधी अलीकडचा टॉवर पकडतो, कधी पलीकडचा. पलीकडचा पकडला की नेटवर्कच्या काड्या पूर्ण दिसतात, पण इंटरनेट बंद पडतं. अनेकांना वाटतं रिचार्ज संपला. बहुतेक वेळा कारण साधं असतं: सेटिंगमध्ये ‘डेटा रोमिंग’ बंद असतं. सिमच्या किंवा मोबाईल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ते सुरू करा. देशातल्या देशात त्यासाठी आता बहुतेक प्लॅनमध्ये वेगळे पैसे पडत नाहीत; तरी आपल्या प्लॅनची खात्री दुकानदाराकडून करून घ्या.

बॅटरी लवकर उतरण्याचं एक कारणही इथेच आहे. टॉवर लांब असला की फोनला जास्त ताकदीनं सिग्नल पाठवावा लागतो आणि तो सारखा नवा टॉवर शोधत राहतो. नेटवर्क मुळीच नसलेल्या शिवारात दिवस काढायचा असेल तर फोन विमान मोडवर टाका. त्या वेळात कॉल येणार नाहीत, एवढं घरी सांगून ठेवा.

११२ वर मदत मागताना गाव, मंडल, जिल्हा आणि राज्य ही चारही नावं आधी सांगा. फोनने पलीकडचा टॉवर पकडला असेल तर कॉल शेजारच्या राज्यात लागू शकतो.

ओटीपी येणारा नंबर

हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. २०२५ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲप आणलं. आधी नोंदणी, मग स्लॉट, मग गाडी. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. ओलावा १२ टक्क्यांवर गेला तर सीसीआय माल घेत नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. ओटीपी आला नाही तर काम तिथेच अडतं, याची मात्र तितकी धास्ती कोणी घेत नाही.

म्हणून हंगामाआधी एवढं तपासा. आधारला कोणता नंबर जोडला आहे? बँक खात्याला तोच आहे का? ते सिम आज कोणाच्या फोनमध्ये आहे? पुष्कळ घरांत आधारला जुना, बंद पडलेला नंबर असतो किंवा बाहेरगावी शिकणाऱ्या मुलाचा असतो. बंद झालेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते. मग तुमचा ओटीपी परक्याच्या हातात जातो. आधार केंद्रावर आणि बँकेत जाऊन नंबर बदलून घ्या. हे काम वेचणी सुरू झाल्यावर होत नाही.

ज्यांना इंटरनेट लागत नाही त्यांच्यासाठी २०२५ च्या सुरुवातीपासून फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन मिळतात. आईच्या किंवा आजोबांच्या साध्या फोनला त्यांतलाच लांब मुदतीचा प्लॅन घालावा. दर महिन्याला रिचार्जची तारीख चुकते आणि मेसेज बंद पडतात, ते तरी टळतं.

तेलुगू मेसेज, मराठी वाचक

घरात मराठी, कागदावर तेलुगू, हे इथल्या कित्येक घरांचं वास्तव आहे. गुगल ट्रान्सलेटमध्ये तेलुगू आणि मराठी दोन्ही आहेत. कागदासमोर कॅमेरा धरला की मजकूर मराठीत दिसतो. वायफाय असेल तेव्हा दोन्ही भाषा डाऊनलोड करून ठेवल्या तर नेटवर्क नसतानाही टाईप केलेल्या मजकुराचं भाषांतर होतं. टाईप करणं जड जात असेल तर कीबोर्डवरचं माईकचं चिन्ह दाबून मराठीत बोला.

पण जमिनीच्या कागदावर किंवा कर्जाच्या करारावर या भाषांतराच्या भरवशावर सही करू नये, असं माझं ठाम मत आहे. सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि नावं मूळ कागदाशी जुळवा आणि तेलुगू वाचणाऱ्या विश्वासाच्या माणसाकडून एकदा वाचून घ्या.

ऊन, रुई आणि चार्जिंग

बरेच फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात, आणि आदिलाबादचा मे महिना ४५ च्या आसपास जातो. मोटरसायकलच्या हँडलवर उन्हात लावलेला, वर चार्जिंगला जोडलेला फोन बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं कमी करतो. तापलेला फोन आधी सावलीत निवू द्या, मग चार्जरला लावा. फ्रीजमध्ये ठेवू नका. आत दव धरतं.

वेचणीच्या दिवसांत फोन खिशात असतो आणि रुईचे तंतू चार्जिंगच्या छिद्रात जाऊन दबतात. पिन पूर्ण आत बसत नाही, हलवली की चार्जिंग तुटतं. फोन बंद करून कोरड्या लाकडी काडीने हलक्या हाताने तंतू काढा. सुई किंवा टाचणी आत घालू नका.

लिंकवर बोट ठेवण्याआधी

पीएम-किसानचा हप्ता, रयतू भरोसाचे पैसे, गाडीचा दंड अशा नावांनी व्हॉट्सॲपवर एपीके फाईल येते. ती बसवली की ते ॲप तुमचे मेसेज वाचतं आणि ओटीपी चोरतं. सरकारी ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या, तेही बनवणाऱ्याचं नाव वाचून. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी लागतो, पैसे मिळण्यासाठी कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लाज न धरता ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी ती गोठवता येते. उशीर झाला की ते अवघड होतं.

बाजारात फोन हरवला तर

*#०६# डायल केल्यावर पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतो. तो आजच पासबुकच्या मागे लिहून ठेवा. फोन हरवला की पोलिसांत तक्रार द्या, त्याच नंबरचं नवं सिम घ्या आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो फोन ब्लॉक करा. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत हेही तिथेच कळतं. नवं सिम घेतल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवलेले असतात, म्हणजे ओटीपीही येत नाही. स्लॉट घ्यायचा असेल किंवा बँकेचं काम असेल तर हा एक दिवस हिशेबात धरूनच निघा.